सकाळी मुके होणारे स्पीकर: प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

पाडव्याला घरात तीन वायरलेस स्पीकर आले. एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात ओट्यावरच्या फळीवर, एक आई-बाबांच्या खोलीत. तिन्ही ॲपमध्ये एका गटात जोडले की घरभर एकच गाणं, एकाच ठेक्यात. पहिले दोन दिवस कौतुकात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "अरे, हा मध्येच मुका होतो. चार-पाच सेकंद नुसता गप्प. परत सुरू होतो, पण मधली ओळ गेलेलीच."

बाबांचं निदान तयार होतं: "नेट स्लो आहे." माझं मत, ॲप भिकार आहे. आईचं तिसरंच: "तू लावतोस तेव्हा नीट वाजतं. मीच लावलं की बंद पडतं." यावर आम्ही दोघंही हसलो.

तीन माणसं आणि तीन तर्क झाले, म्हणून आजपासून लिहून ठेवतोय. आत्तापर्यंत नक्की माहीत असलेलं एवढंच: आवाज जातो तेव्हाही ॲपमध्ये गाणं चालूच दिसतं, सेकंद पुढे सरकत राहतात. कधी तिन्ही एकदम गप्प होतात, कधी दोनच. सकाळी साडेसहा ते साडेसात हा घातवार. रात्री जेवताना जवळजवळ कधीच नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

सुरुवात फोनपासून. गाणं लावलं, गट केला आणि फोन सरळ एअरप्लेन मोडवर टाकला. गाणं चालूच राहिलं. म्हणजे फोन इथे फक्त रिमोट आहे, गाणं स्पीकर स्वतः इंटरनेटवरून ओढून घेतो. (ब्लूटूथवर लावलं असतं तर उलटं झालं असतं. तिथे आवाज फोनमधूनच जातो आणि फोन घेऊन गच्चीवर गेलं की संपलं.) आईच्या फोनची बॅटरी, त्यातली जागा, तिचे दोनशे शुभ सकाळचे फोटो, सगळे निर्दोष सुटले.

मग बाबांचा आरोपी. आपला प्लॅन १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट (एक मेगाबिट म्हणजे हजार किलोबिट). चांगल्या दर्जाचं एमपी३ म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिट. अगदी सीडीच्या दर्जाचा, काहीही न दाबलेला आवाज धरला तरी सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, डावा-उजवा मिळून दुप्पट. हिशेब १.४ एमबीपीएसच्या आसपास येतो. शंभरातले दीड. टाकी भरलेली असताना नळाला पाणी येत नसेल तर दोष टाकीचा नसतो.

तरी बाबांच्या समाधानासाठी नेटवाल्यांना फोन केला. "सर, तुम्ही दोनशेचा प्लॅन घ्या, प्रॉब्लेम जाईल." त्यांच्या यादीत हे एकच औषध असावं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कार्तिकी एकादशी. आईनं पहाटेच अभंग लावले. मी पेपरच्या कडेला वेळा टिपत बसलो. चाळीस मिनिटांत नऊ वेळा तुटला. अंतर दोन मिनिटं, सात मिनिटं, पुन्हा दोन, मग अकरा, कसलाच ठेका नाही. एक अर्थी बरंच झालं. ठरावीक अंतरानं तुटला असता तर एखाद्या घड्याळाशी बांधलेल्या गोष्टीवर संशय गेला असता. उदाहरणार्थ, राउटर प्रत्येक यंत्राला ठरावीक मुदतीसाठी नेटवर्कवरचा एक पत्ता देतो, त्याचं नूतनीकरण. हे तसं दिसत नाही. हे हवेतलं काहीतरी आहे.

शेवटी आईनं फळीवरून जुना ट्रान्झिस्टर काढला आणि आकाशवाणी पुणे लावलं. दोन सेलवर चालणारा तो डबा एकदाही तुटला नाही. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही, हे जास्त लागलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

गुरुवार, म्हणजे पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट जायचा वार. त्याप्रमाणे गेली. दुपारी परत आली तेव्हा आई-बाबांच्या खोलीतला स्पीकर ॲपमधून गायब. हे नवीनच दुखणं.

शोधल्यावर कारण साधं निघालं. लाइट येताच स्पीकर अर्ध्या मिनिटात जागा होतो, राउटरला मात्र फायबरच्या डब्यासकट सावरायला तीन-चार मिनिटं लागतात. स्पीकर पत्ता मागतो, द्यायला कोणी नसतं, मग तो स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा एक पत्ता धारण करून बसतो. त्या पत्त्यावर त्याला ना राउटर ओळखत, ना बाकीचे स्पीकर. पिन काढून परत घातली, जागेवर आला. राउटरमध्ये जाऊन तिन्ही स्पीकरांचे पत्ते कायमचे राखून ठेवले. म्हणजे पुढे चाचण्या करताना कोण कुठला हे तरी शोधत बसावं लागणार नाही.

सकाळच्या रोगाशी याचा संबंध नाही. पण घरात एकच बिघाड असतो या समजुतीला तडा गेला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

हवेची पाहणी. फोनवर वाय-फाय मोजणारं ॲप टाकलं आणि घरभर फिरलो. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात आमच्या हॉलमध्ये एकवीस नेटवर्कं दिसतात. शेजारचे काका, वरचे, खालचे, समोरच्या विंगमधले, आणि एक ज्याचं नाव 'पासवर्ड विचारू नका' आहे.

या पट्ट्यात चॅनेल १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर न चढणारे. चॅनेलांचे क्रमांक पाच-पाच मेगाहर्ट्‌झच्या अंतरावर आहेत, पण प्रत्येक नेटवर्क साधारण वीस मेगाहर्ट्‌झ जागा अडवतं. म्हणून चॅनेल ३ वर बसलेला माणूस १ आणि ६ दोघांनाही त्रास देतो, लोकलमध्ये तीन जणांच्या बाकावर मधोमध पसरून बसणाऱ्यासारखा. आमचा राउटर तर ऑटोवर होता आणि वर रुंदी ४० मेगाहर्ट्‌झ. म्हणजे पसरून बसणारे आम्हीच. रुंदी २० केली, चॅनेल ११ पक्का केला, कारण तिथे सगळ्यात कमी गर्दी होती.

मग मायक्रोवेव्ह. तोही २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच काम करतो. दार कितीही घट्ट असलं तरी थोडं बाहेर झिरपतंच. माणसाला त्यानं काही होत नाही, पण त्याच पट्ट्यात कुजबुजणाऱ्या स्पीकरसाठी तो ढोल असतो. आमचा जुन्या पद्धतीचा, जड ट्रान्सफॉर्मरवाला. असा ओव्हन विजेच्या प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्याच भागात पेटतो. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे दहा मिलिसेकंद गोंगाट, दहा शांतता. त्या शांततेत डेटा जाऊ शकतो, पण ओढाताण होते. कपभर पाणी ठेवून दोन मिनिटं चालवला. स्वयंपाकघरातला स्पीकर एकदा तुटला. सापडला! मी ओरडलोच.

आई म्हणाली, "सकाळी साडेसहाला मी मायक्रोवेव्ह कधी लावते? चहा गॅसवर होतो."

बसलो.

१७ नोव्हेंबर, रविवार

चॅनेल बदलूनही आज सकाळी चार वेळा तुटला. नऊवरून चारवर आला, म्हणजे फायदा आहे, पण बरा नाही.

आज प्रत्येक स्पीकरची रेंज बघितली. राउटरच्या पानावर आकडा मिळतो, डीबीएममध्ये, उणे. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. हॉल उणे ४५, आई-बाबांची खोली उणे ६०, स्वयंपाकघर उणे ७६. या मोजपट्टीवर दर दहा आकड्यांना शक्ती दहापट कमी होते. हॉल आणि स्वयंपाकघर यांत एकतीसचा फरक, म्हणजे हजारपटींहून जास्त. शिवाय बाकीचे दोघं वाय-फायच्या दुसऱ्या पट्ट्यावर, ५ गिगाहर्ट्‌झवर आहेत. तिथली रेंज भिंतींमधून फारशी पोचत नाही, म्हणून हा एकटाच २.४ वर घसरलेला.

कारणं उघड आहेत. राउटर टीव्हीच्या कपाटात, खालच्या खणात, टीव्हीच्याच मागे. फायबरची तार जिथे घरात आली तिथे बसवणाऱ्या दादांनी तो ठेवला आणि आम्ही वर कपाटाचं दार लावलं, दिसायला बरं म्हणून. तिथून स्वयंपाकघराकडे सरळ रेघ ओढली तर वाटेत एक कॉलम, एक भिंत आणि फ्रिज. फ्रिज म्हणजे लहरींसाठी पत्र्याची भिंतच.

लॅपटॉपवरून तिन्ही स्पीकरांना पाचशे-पाचशे पिंग ('आहेस का?' विचारणारे छोटे निरोप) पाठवले. हॉल: एकही हरवला नाही. आई-बाबांची खोली: एक. स्वयंपाकघर: अकरा हरवले, आणि काही उत्तरं तर चारशे मिलिसेकंदांनी आली.

इथे केस संपल्यासारखी वाटते, पण संपत नाही. स्वयंपाकघरातला स्पीकर एकटाच, गटाबाहेर काढून लावला, तर तासभर अखंड वाजला. रेंज इतकी वाईट असून. आणि उलट, सकाळी गटात असताना हॉलमधला का गप्प होतो? तो राउटरपासून दोन हातांवर आहे. त्याचा तर एक पिंगही हरवलेला नाही.

बाबा म्हणाले, "दुकानात परत देऊन टाक." परत द्यायची मुदत काल संपली.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. साडेसहाला मुद्दाम उठलो आणि स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसलो. आई काय करते ते फक्त बघायचं, हात लावायचा नाही.

ती आली. आधण ठेवलं. फळीवरच्या स्पीकरचं वरचं बटण दाबलं, अभंग सुरू झाले. मग फोन उघडून त्यात बाबांची खोली जोडली, हॉल जोडला. तीन मिनिटांत पहिला खंड पडला.

मी काय करतो? संध्याकाळी ऑफिसातून येतो, सोफ्यावर बसतो, ॲपमध्ये हॉल निवडतो, गाणं लावतो, मग बाकीचे दोन जोडतो.

तेच स्पीकर, तेच गाणं, तेच नेट. फरक एवढाच की सुरुवात कुठून झाली. मी आईला म्हटलं, "थांब, बंद कर, आता मी हॉलपासून लावतो." लावलं. चहा झाला, दुसरा चहा झाला, एकदाही तुटला नाही. वेळ तीच, सकाळचे सात.

मतदान करून आल्यावर नीट चाचणी केली. दहा-दहा मिनिटांच्या बारा फेऱ्या, सहा स्वयंपाकघरापासून आणि सहा हॉलपासून, क्रम नाणं उडवून. (नाणं बाबांनी उडवलं. त्यांना आता रस येऊ लागलाय.) स्वयंपाकघरापासून सुरू केलेल्या सहापैकी पाच फेऱ्यांत सगळं घर गप्प झालं. हॉलपासूनच्या सहांत घर एकदाही गप्प झालं नाही. फक्त स्वयंपाकघरातला तेवढा दोन फेऱ्यांत क्षणभर अडकला, बाकीचे दोघे वाजत राहिले.

म्हणजे सकाळ-संध्याकाळचा काही संबंधच नव्हता. सकाळी आई लावते आणि रात्री मी लावतो, एवढंच. ९ तारखेच्या नोंदीत आईचं वाक्य शब्दशः लिहिलेलं आहे. तिला वाचून दाखवलं. "मग? सांगत होते की," म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

हे असं का होतं, ते कागदावर मांडलं.

आमच्या स्पीकरांत गटाचा एक म्होरक्या असतो, आणि ज्याच्यापासून सुरुवात केली तो म्होरक्या. इंटरनेटवरून गाणं तो एकटाच घेतो आणि बाकीच्यांना वाटतो. पण वाटायचं म्हणजे थेट नाही. घरातल्या वाय-फायवर दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात ती राउटरमार्फतच. म्हणून स्वयंपाकघर म्होरक्या असेल तर गाणं राउटरकडून स्वयंपाकघरात येतं, तिथून परत राउटरकडे जातं हॉलसाठी, आणि पुन्हा एकदा राउटरकडे जातं खोलीसाठी. घरातल्या सगळ्यात कच्च्या वाटेवर तीन फेऱ्या. हॉल म्होरक्या असेल तर त्या कच्च्या वाटेवर एकच फेरी, फक्त येणारी.

शिवाय जाणारी फेरी येणाऱ्यापेक्षा अवघड. राउटर मोठ्यानं बोलतो, स्पीकरचा आवाज त्याच्या मानानं बारीक. रेंजच्या काड्या बघताना आपण बहुतेक वेळा एकाच बाजूचं ऐकणं बघत असतो. म्होरक्याला मात्र ऐकायचंही असतं आणि सांगायचंही.

आणि एकटा असताना तो का तुटत नाही? एकटा स्पीकर पुढचं बरंच गाणं आधीच साठवून ठेवू शकतो. गटात मात्र प्रत्येक तुकड्यावर 'अमुक क्षणी वाजव' असा शिक्का असतो, नाहीतर तीन खोल्यांत तीन प्रतिध्वनी होतील. तुकडा त्या क्षणानंतर पोचला तर स्पीकर तो वाजवत नाही, टाकून देतो आणि गप्प बसतो. ॲपमधले सेकंद सरकत राहतात ते त्यामुळेच. गाणं पुढे चाललेलंच असतं, फक्त आपल्यापर्यंत येत नाही.

सोपा उपाय: आईनं हॉलपासून सुरुवात करायची. हा मी बोलूनही दाखवला नाही. पहाटे कणकेच्या हातानं हॉलमध्ये जाऊन बटण दाबायचं, कशासाठी? राउटर कुठे आहे म्हणून? घर बदलावं लागेल, आई नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

निकालाचा दिवस, रस्ते गुलालाच्या तयारीत, आणि मी बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात. पंधरा मीटर लॅन केबल घेतली. दुकानदार कॅट ७ ही वरच्या दर्जाची केबल गळ्यात मारत होता. शंभर मीटरपर्यंत गिगाबिटला, म्हणजे हजार एमबीपीएसला, कॅट ५ई पुरते, तीच मागितली. विचारायचा खरा प्रश्न वेगळा असतो: तार शुद्ध तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची? दुसरी स्वस्त पडते, पण ती ठिसूळ असते आणि कोपऱ्यात दोनदा वाकवली की कधी दगा देईल सांगता येत नाही. त्यानं नखानं खरवडून दाखवलं. तांबं होतं.

जुना राउटर माळ्यावर पडून होता. तो उतरवला, पुसला.

२४ नोव्हेंबर, रविवार

पॅसेजमध्ये, माळ्याच्या कडेला, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर जुना राउटर बसवला. टीव्हीच्या कपाटापासून तिथपर्यंत केसिंग पट्टीतून केबल. इलेक्ट्रिशियन दादांनी ड्रिल मारून दिलं, केबलच्या टोकांचे कनेक्टर मी स्वतः क्रिम्प केले, म्हणजे पकडीनं दाबून बसवले. आतल्या आठ तारांचा क्रम: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. जोडणी हजार एमबीपीएसऐवजी शंभरवरच लागली. म्हणजे निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी नीट बसली नाही. हजाराला चारही जोड्या लागतात, शंभराला नारिंगी आणि हिरवी या दोनच पुरतात. आपल्याला दीड हवेत. तसंच राहू दिलं.

मग मी दुपारचे दोन तास वाया घालवले. सगळं जोडलं, वाय-फाय दिसलं, फोन त्यावर गेला आणि ॲपमध्ये एकही स्पीकर नाही. रिकामं घर. जुना राउटर अजून राउटरच होता. त्यानं पॅसेजमध्ये स्वतःचं वेगळं नेटवर्क थाटलं होतं, १९२.१६८.० चं, आणि स्पीकर अजून १९२.१६८.१ मध्ये. ॲप स्पीकर शोधतं ते २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर 'कोण कोण आहे?' अशी हाळी देऊन, आणि ती हाळी राउटर आपल्या कुंपणाबाहेर जाऊ देत नाही. जुन्याची सेटिंग ॲक्सेस पॉइंटवर टाकली. आता तो पत्ते वाटत नाही, नुसती हवा देतो. नाव आणि पासवर्ड पूर्वीचेच ठेवले, म्हणजे स्पीकर पुन्हा जोडायला नकोत.

एक हट्टी उरला. स्वयंपाकघरातला स्पीकर दारातला राउटर सोडून कपाटातल्या जुन्या ओळखीलाच चिकटून. कपाटातल्याचं वाय-फाय पूर्ण बंद केलं तेव्हा कुठे हलला. रेंज आता उणे ५४. आणि ५ गिगाहर्ट्‌झवर.

हॉलमधल्या स्पीकरला मागे लॅनचं भोक आहे, बाकी दोघांना नाही. त्याला दोन मीटरची केबल दिली. तो हवेतून उठला म्हणजे बाकीच्यांना तेवढी जागा झाली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

६:३५ ला आईनं स्वयंपाकघरातून लावलं. ७:४० पर्यंत एकदाही नाही. मी पांघरुणातूनच ऐकत होतो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

लाइट गेली, आली. यावेळी कपाटातला डबा आणि पॅसेजमधला, दोघांनाही १२ व्होल्टचे छोटे यूपीएस लावलेले, त्यामुळे नेटवर्क झोपलंच नाही. स्पीकर जागे झाले तेव्हा पत्ते द्यायला राउटर हजर होता. तिन्ही जागेवर.

१ डिसेंबर, रविवार

आठवड्याचा हिशेब. स्वयंपाकघरापासून रोज सुरुवात, सात सकाळी. स्वयंपाकघर आणि हॉल: शून्य. आई-बाबांची खोली: एकदा, शुक्रवारी ७:१० ला, साधारण दोन सेकंद.

त्या खोलीत स्पीकर लोखंडी कपाटाच्या वर, मागच्या बाजूला ढकललेला आहे, पुढे बाबांच्या औषधांचा डबा. रेंज उणे ६३, आधीपेक्षा किंचित वाईट, कारण पॅसेजमधून पाहिलं तर कपाट आता मध्ये येतं. खिडकीजवळच्या टेबलावर सरकवायला हवा. तिथे प्लगचा बोर्ड नाही. बाबा म्हणतात, "महिन्यातून दोन सेकंदांसाठी भिंत फोडू नकोस." पुढच्या रविवारपर्यंत वेळा टिपतोय, मग ठरवू.

ट्रान्झिस्टर अजून फळीवरच आहे. आईनं त्यात नवे सेल घातलेत.